बेचाळीस हजारांवर थांबलेला जिल्हा

आदिलाबादेत जुनी कार बघायला निघालं की पहिल्या दोन दुकानांतच एक भौगोलिक सत्य कळतं : या जिल्ह्यात 42 हजार किलोमीटरच्या पुढे कोणतीही गाडी जाऊ शकत नाही. 2011ची ऑल्टो, 42 हजार. 2013ची वॅगन आर, 42 हजार आणि वर थोडे. 2015ची डिझेल डिझायर, जिचा मालक पोराला हैदराबादेत इंजिनियरिंगला ठेवून महिन्याला दोनदा डबा पोचवायचा, ती 48 हजार. आणि तेवढे सांगताना दुकानदाराचा आवाज जरा खाली येतो, की बाबा, ही थोडी जास्त चालली आहे.

पैनगंगेच्या पलीकडे ज्याला कार बाजार म्हणतात त्याला अलीकडे ‘ऑटो कन्सल्टन्सी’ म्हणतात. सल्ला फुकट असतो आणि एकच असतो : आज टोकन टाका, उद्या गाडी राहणार नाही. (ती पुढच्या संक्रांतीलाही तिथेच असते.) कन्सल्टन्सीवाले अन्ना आपल्याशी मराठीत बोलतात, मालकाशी फोनवर तेलुगूत, आणि मीटरकडे बोट दाखवताना मात्र दोन्ही भाषा सोडून दखनीवर येतात : ‘साब, गाडी चलीच नहीं.’

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं बजेट अडीच लाख, ताणलं तर पावणेतीन. माणसं पाच, त्यांत आईचे गुडघे गेलेले, म्हणून उंच बसणीची गाडी हवी. एवढंच. वॅगन आर मिळाली ती 2013चीच, पांढरी, चकचकीत. शाळकरी हिशेब करू. बारा वर्षं धरली तर 42 हजार म्हणजे वर्षाला साडेतीन हजार, दिवसाला दहा किलोमीटरही भरत नाहीत. इथून हैदराबाद सुमारे तीनशे, जाऊन-येऊन सहाशे. वर्षात पाच फेऱ्या झाल्या की तीन हजार संपले. सहाव्या फेरीत माणूस हैदराबादला पोचतो, काम उरकतो, निघतो, आणि परतताना सोनजवळ गोदावरीच्या पुलावर कोटा संपतो. तिथून आदिलाबादपर्यंत गाडी ढकलत आणायची आणि पुढचा जानेवारी येईपर्यंत अंगणात झाकून ठेवायची.

बरं, या हिशेबात हैदराबादशिवाय काहीच नाही. इथला माणूस ताप आला तर आदिलाबादचा पेशंट असतो, मेंदूचा फोटो काढायची वेळ आली की नागपूरचा. ते सुमारे दोनशे किलोमीटर, एका बाजूने. पोरगं पहिलं अक्षर गिरवणार ते बासरला. नवरात्रात माहूर. पौषातल्या अवसेला केसलापूरची नागोबा जत्रा. आणि सोयरे? 1956 साली भाषेप्रमाणे राज्यं पाडली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून काढून पलीकडे दिले गेले. आत्या तिकडे गेली, काका इकडे राहिला. तेव्हापासून आमचं प्रत्येक बारसं आंतरराज्यीय आहे. अशा जिल्ह्यात एखादी कुटुंबाची गाडी दिवसाला दहा किलोमीटरही चालत नसेल, तर त्या कुटुंबाचं सगळ्या नातेवाइकांशी भांडण झालेलं असलं पाहिजे, आणि तसं असेल तर गाडीआधी मला त्या कुटुंबाला भेटायचं आहे.

यावर अन्नांकडे उत्तर तयार असतं. गाडी डॉक्टरची होती. खाली दवाखाना, वर घर. गाडी लागणार कशाला?

मग त्या डॉक्टरांनी ब्रेकच्या पेडलचं रबर कशानं झिजवलं, हे कोडं उरतं. रबर नुसतं झिजलेलं नाही, त्यावरच्या रेघा गेल्या आहेत, खालचं लोखंड डोकावतं आहे. स्टिअरिंगचं कव्हर नवं आहे. ते जरा सरकवलं की आतलं चाक हाताच्या घामानं असं गुळगुळीत झालेलं की त्यात तोंड दिसावं. ड्रायव्हरची सीट डावीकडे ठीक, उजवीकडे बसकी, म्हणजे उतरणारा माणूस हजारो वेळा उतरलेला आहे. दिवसातून चाळीसदा दवाखान्यातून येऊन, गाडीत बसून, ब्रेक दाबून, उतरून पुन्हा पेशंट बघायला जाण्याचा डॉक्टरांना छंद असावा. टायर बघा म्हटलं तर टायर उत्तम. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे 1519 दिसलं, म्हणजे 2019च्या पंधराव्या आठवड्यातलं टायर. गाडी 2013ची. साधारण टायर चाळीस-पन्नास हजार चालतं, मग 42 हजार चाललेल्या गाडीला मधेच, निम्म्या वाटेत, नवा जोड का? ‘धूप से, साब.’ ठीक. आदिलाबादचं ऊन आहे, मान्य. स्टेपनी काढली तर ती तिसऱ्याच कंपनीची, 2016ची. हेही उन्हामुळे, डिकीच्या आतल्या. मग कुटुंबातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं मोबाइल काढला आणि गाडीचा नंबर टाकून थकलेली चलानं बघितली. तेलंगणात ही सोय फार चांगली आहे, चलान फोटोसकट दिसतं. तीन निघाली. दोन हैदराबादची, सिग्नल तोडल्याची. एक हायवेवर वेग जास्त असल्याचं. फोटोत तीच पांढरी वॅगन आर, तोच नंबर, मागच्या काचेवर तोच देवाचा स्टिकर. जी गाडी चालतच नाही ती वेगमर्यादा कशी ओलांडते, याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही. अन्नांकडे होतं. ‘डॉक्टर का साला ले गया होएंगा.’

साला बारा वर्षं घेऊन जात होता, डॉक्टरांना पत्ता नाही.

गंमत इथपर्यंत. आता मला राग येतो तो अन्नांचा नाही. ते दुकान चालवतात. पूर्वी मीटर तारेवर चालायचं, तेव्हा ते मागे आणायला मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तासभर बसायचा, त्यात निदान मेहनत होती. आता डिजिटल आहे, लॅपटॉप लावला की चहा यायच्या आत काम होतं. मला राग येतो तो कागदाचा. गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते ती 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर. हे फॉर्म एकदा नीट वाचा. नाव विचारतात. वडिलांचं नाव विचारतात. पत्ता, चेसिस नंबर, इंजिन नंबर. गाडी सुपरदारीत (जप्तीनंतरच्या तात्पुरत्या ताब्यात) नाही, तिच्यावर कुणाचा बोजा नाही, अशी हमी घेतात. कर्ज असेल तर त्यासाठी वेगळा 35 नंबरचा फॉर्म. राज्य बदलत असेल तर 28 नंबरचा, एनओसीचा. गाडीचं लग्न लागावं इतके कागद! आणि या सगळ्या कागदांत गाडी आजवर किती चालली, हा एक रकाना कुठेही नाही. माझ्या वडिलांच्या नावावरून वॅगन आरच्या क्लचची अवस्था कळणार आहे का? वडील बैलगाडीवाले होते.

बरं, सरकारला माहिती गोळा करता येत नाही असंही नाही. फेब्रुवारी 2021पासून टोलला फास्टॅग सक्तीचा आहे. रोलमामडाच्या नाक्यावरून ही गाडी कितीदा गेली, कुठल्या तारखेला, किती वाजता, हे कुठल्यातरी संगणकात पैशापैशानं लिहिलेलं आहे. कॅमेऱ्याला तिचा वेग माहीत आहे. पेट्रोल पंपावरच्या पोरालाही ती ओळखीची आहे. तिचा विमा कधी संपतो हे मला दर आठवड्याला फोन करून सांगणाऱ्या बाईंना तर तिची जन्मवेळही माहीत असावी. साऱ्या देशाला गाडी ठाऊक आहे. जो माणूस आयुष्याची बचत तिच्यात घालणार आहे त्याच्यापुरतं सगळं गुप्त. अमेरिकेनं मीटर मागे फिरवणं 1972च्या कायद्यानं सगळ्या देशभर गुन्हा ठरवलं. बेल्जियममध्ये 2006पासून गॅरेजात गाडी गेली की मीटरचा आकडा एका ठिकाणी नोंदवला जातो आणि जुनी गाडी विकताना तो दाखला द्यावाच लागतो. बेल्जियम हा देश जेमतेम दोन आदिलाबादांएवढा आहे. जुन्या, वेगळे जिल्हे पाडण्याआधीच्या, न तुटलेल्या आदिलाबादांएवढा. त्यांना जमतं.

तुटलेल्या आदिलाबादवरून आठवलं, इथे गाडीचं वय सांगायला मीटरपेक्षा नंबरप्लेट जास्त प्रामाणिक आहे. एपी 01 असेल तर गाडी जून 2014च्या, म्हणजे तेलंगण होण्याच्या आधीची. टीएस 01 असेल तर त्यानंतरची. टीजी 01 असेल तर मार्च 2024नंतरची, आणि मग ती अडीच लाखांत का मिळते आहे हा प्रश्न विचारायचा. एपी 01वाल्यांची पंधरा वर्षं भरत आली आहेत किंवा भरली आहेत. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांची मुदत वाढवावी लागते, आणि ते पुनर्नोंदणी शुल्क एप्रिल 2022पासून 600 रुपयांवरून 5 हजारांवर गेलं आहे. अन्ना हे सांगत नाहीत. सांगायला वेळ नसतो, टोकन घ्यायचं असतं.

मग शहाणे लोक म्हणतात, पलीकडून आणा. यवतमाळची एमएच 29 आणा, चंद्रपूरची एमएच 34 आणा, स्वस्त पडते. पडते ना. नदी ओलांडली की ती परदेशी होते. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यायचा, त्याआधी तिकडची एनओसी, आणि लाइफ टॅक्स इथे पुन्हा. ‘लाइफ’ कुणाची, गाडीची की माझी? गाडीची असेल तर ती तिकडे एकदा भरून झाली आहे. तिकडचा उरलेला कर परत मागता येतो म्हणतात. मागून बघा, नातवाला मिळेल. म्हणून बेला, जैनदच्या बाजूला एमएच 29ची गाडी दारात दिसली आणि कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं : पाहुण्यांची आहे. पाहुणे सहा वर्षांपासून मुक्कामाला आहेत. त्यांच्या गाडीत दरवर्षी कापूसही येतो.

आता एक कडू गोष्ट सांगतो, ती अन्नांना लागू नाही, आपल्याला आहे. उटनूरकडच्या एका निवृत्त गुरुजींनी आपली गाडी विकायला काढली. मीटर 1 लाख 28 हजार, जसं आहे तसं. सोबत वही, प्रत्येक ऑइल बदलल्याची तारीख, क्लचप्लेट कधी बदलली, बॅटरी कधी, सगळं गुरुजींच्या वळणदार अक्षरात. सहा महिने कुणी फिरकलं नाही. जे आले ते मीटर बघून खिडकीतूनच परत फिरले. वही कुणी उघडलीही नाही. शेवटी पुतण्यानं गाडी कन्सल्टन्सीत लावली. आठ दिवसांत गेली. मीटर किती होतं ते सांगायला नको, आणि गुरुजींची वही रद्दीत गेली, कारण तिच्यातले आकडे आता गाडीच्या मीटरपेक्षा मोठे होते. वही खोटी पडली! पन्नास हजारांच्या पुढचा आकडा दिसला की आपण नाक मुरडतो, म्हणून आकडा पन्नासच्या खाली येतो. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं आहे ते दुकानदार विकतो. त्यात वॅगन आर फुकट मिळते.

तर निकाल देऊन टाकतो. अडीच लाखांत कुटुंबासाठी पेट्रोलची लहान गाडी घ्यायची असेल तर सव्वा लाख चाललेली, एका मालकाची, वहीवाली घ्या. नीट तेल-पाणी झालेलं इंजिन त्या आकड्याला घाबरत नाही. आरसीवर मालकांचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचा. ‘सिंगल हँड’ गाडीवर तिथे 3 लिहिलेलं मी पाहिलं आहे. पांढऱ्या रंगाच्या डिझायरच्या प्लेटमागे पिवळा रंग खरवडून निघतो का बघा, टॅक्सीचं पूर्वायुष्य तिथेच लपतं. आपला मेकॅनिक न्या, त्याचे पाचशे रुपये देताना खळखळ करू नका. अन्नांनी सांगितलेला मेकॅनिक नको. चलानं तपासा. आणि परिवहन खात्याला एवढीच विनंती की 30 नंबरच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाखाली एक ओळ वाढवा, मीटर रीडिंगची, विकणारा-घेणारा दोघांच्या सहीसह. संगणक नको, अ‍ॅप नको, पेनानं भरू.

ती ओळ येईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. कन्सल्टन्सीवाले गाडी नेहमी दुपारी दाखवतात, इंजिन तापलेलं असताना. तापलेलं इंजिन कुणाचीही बाजू घेतं. तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी आदिलाबादला पडते, पारा एक आकडी होतो. त्याचा उपयोग करा. डिसेंबरात, न कळवता, सकाळी सहाला जा. चावी मागण्याआधी बोनेटवर हात ठेवा. बोनेट गरम असेल तर तुमच्याआधी कुणीतरी गाडी सुरू करून ठेवली आहे. टोकन खिशातच ठेवा आणि घरी या.