लागलेल्यांचा पगार

प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरताना पालक हल्ली एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीची माहिती उघडतात. त्यात कॉलेजचा मध्यक पगार असतो, संस्थेनेच भरलेला आणि फक्त नोकरी लागलेल्यांचा. न लागलेल्यांचं शून्य त्यात धरत नाहीत; उगाच चांगला आकडा कशाला नासवा? शैक्षणिक कर्जाचा रकाना तर नाहीच. अमेरिकेच्या कॉलेज स्कोअरकार्डात अभ्यासक्रमवार कमाईसोबत कर्जही देतात. तिकडे घरचं बाहेर सांगायची सवयच. आपल्याकडे बँक साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाही, एवढं सगळ्यांना पाठ. व्याज मात्र कॉलेजला पैसे पोचल्या दिवसापासून चालू, त्याला अटेंडन्सची अडचण कधी येत नाही. आणि ब्रोशरवर फोटो सर्वोच्च पॅकेजवाल्या पोराचा. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बापाचा कोण छापणार?