भावकी लावणारे सर

काही माणसांचं नुसत्या आडनावावर समाधान होत नाही. आजोळ सांगा, आत्या कुठं दिली ते सांगा, चुलत्याची सासुरवाडी सांगा, मग कुठंतरी धागा लागतो आणि "म्हणजे तू आपलाच की रे!" म्हणत ते चहा सांगतात. डोंगरकड्याचे आमचे सर त्याच पठडीतले. फक्त जन्मभर प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे त्यांची भावकी माणसांपाशी थांबत नाही.

बैलाच्या कानामागची गोचीड काढणाऱ्या गड्याला ते थांबवतात. "पाय मोज आधी. आठ ना? मग हा किडा नव्हे. ही विंचवा-कोळ्याच्या घरची."

"सर, पाय मोजू लागलो तर बैल कवा धुवावा?"

एसटीत कंडक्टर जुना विद्यार्थी निघाला, तर तिकिटाआधी दुरुस्ती. "गोम ही कीटकांची सख्खी बहीण, असं शिकवलं होतं ना तुला? खोड ते. दोघी नळ्यांनी श्वास घेतात, मिशांची एकच जोडी, म्हणून एका घरात बसवल्या होत्या. जनुकं ताडून पाहिली तर कीटक निघाले खेकड्याच्या खानदानातले! २०१० च्या मोठ्या अभ्यासानं तर ते पक्कंच केलं. खेकड्याच्या कुळातली एक फांदी पाणी सोडून रानात वस्तीला गेली, तेच हे टोळ, माश्या, मुंग्या."

"मग तवा कापलेले माझे दोन मार्क?"

"अरे, १९९९ ला आपण परभणी जिल्ह्यातून हिंगोलीत आलो. म्हणून काय जुनी पत्रं परत पाठवली का कुणी?"

पण सरांचा खरा रंग चढतो केळीच्या बागेत. गांडूळखताच्या बेडपाशी मंडळी बसलेली असतात. सर मूठभर खत उचलतात, त्यातलं एक गांडूळ तळहातावर वळवळत असतं, आणि निकाल देतात: "याचा आपल्या संधिपादांशी जवळचा संबंध नाही." क्युव्हिए नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १८१७ मध्ये अंगावरची वळी बघून गांडुळाला खेकडा-किड्यांच्या पंगतीत बसवलं होतं. पावणेदोनशे वर्षं ते जेवलं तिथं. १९९७ मध्ये जनुकांच्या पुराव्यावरून नवी वाटणी मांडली गेली: जे कात टाकून वाढतात ते एका घरचे. गांडूळ कात टाकत नाही, उठवलं त्याला. कात टाकणाऱ्यांत मात्र सूत्रकृमी आला, तोच, केळीच्या मुळांना गाठी आणणारा.

बागवाल्याला हे काही केल्या पटेना. "जो रानात राबतो तो परका, अन् मुळं खातो तो भावकीतला?"

"तुझ्या बांधावर वेगळं चाललंय का?" सर म्हणाले.

(त्या बांधाचा दावा कोर्टात आहे. म्हणून कुणी हसलं नाही. मी हसलो, पण तोंड फिरवून.)

एका प्रकरणात मात्र सर अडतात. समुद्रातला नालखेकडा विंचू-कोळ्यांच्या घरात घ्यायचा की दाराबाहेर ठेवायचा, यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही. विषय निघाला की सर पान जुळवायला लागतात.

माणसांच्या सोयरिकींत असली अडचण येत नाही. परवा गल्लीतल्या एका मुलीसाठी स्थळ आलं. चौकशी अर्थातच सरांकडे. त्यांनी मुलाच्या पणजोबांपासून सुरुवात केली, वारंगा फाट्याची शाखा, अर्धापूरची शाखा, मधेच दत्तक गेलेला एक काका, सगळं तासभर उलगडून दाखवलं. मुलीचा बाप भारावून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आणि सर, पोरगा कसा आहे?"

"पोरगा?" सर म्हणाले. "त्याला काही मी पाहिलेलं नाही."