एका दिवसात उप्पल

2024 च्या वेळ अमावस्येला अमेरिकेतला भाचा किल्लारीत होता. शेतात कडब्याच्या कोपीसमोर बसून भज्जी-उंडे हाणता हाणता त्यानं सांगितलं, की उन्हाळ्यात तो सकाळी न्यू जर्सीतनं निघतो, फिलाडेल्फियाला बेसबॉलची मॅच बघतो आणि रात्री जेवायला घरी असतो. सुट्टीच्या दिवशी मॅच दुपारी एकलाच सुरू होते म्हणे. त्यांचा एकेक संघ हंगामात 162 सामने खेळतो, त्यातले 81 घरच्या मैदानावर. आजचा हुकला तर उद्या दुसरा.

दाजींनी आंबिलीचा लोटा खाली ठेवला. "मग आपून का जाऊ नये?"

दाजींचे असले प्रश्न घराला महागात पडतात. याआधीचा प्रश्न द्राक्षबागेबद्दलचा होता.

बेसबॉल आपल्याकडं कोण दाखवणार, म्हणून क्रिकेटवर एकमत झालं. पण जायचं कुठं? इथं भूगोल आडवा आला. किल्लारीकडून पुण्याला जावं तर गहुंजेचं स्टेडियम अख्खं पुणं ओलांडून मुंबईच्या वाटेवर. मुंबईला जावं तर वानखेडे पार चर्चगेटला, पुढं समुद्रच. हैदराबादला जावं तर आपण शिरणार पश्चिमेकडून, पाटणचेरूला, आणि उप्पलचं स्टेडियम पूर्वेच्या टोकाला. मैदानाची जागा निवडताना प्रत्येक शहरानं आधी किल्लारीची दिशा विचारली असावी आणि मग पाठ फिरवून मैदान बांधलं असावं, असं माझं मत आहे.

आप्पांनी निकाल दिला. "हैदराबाद. 1956 पर्यंत आपून हैदराबाद राज्यातच होतो. मुंबई मागून जोडलेली." आप्पांच्या वडिलांचे जमिनीचे कागद उर्दूत आहेत. ते कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून आप्पांशी वाद घालायला पुरावा राहत नाही. शिवाय अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. उमरग्याला मोठा रस्ता धरायचा, हुमनाबाद, जहीराबाद करत सरळ जायचं. तीन राज्यं होतात, पण डिझेल मधल्या राज्यात भरायचं हे तेव्हा या रस्त्यावर पोरासोरांनाही ठाऊक होतं.

तारीखही ठरली : 27 मार्च, बुधवार, हैदराबाद विरुद्ध मुंबई. आयपीएलचा संघ साखळीत 14 सामने खेळतो, घरच्या मैदानावर 7. अमेरिकेसारखं 'उद्या बघू' म्हणायची सोय नाही.

आता किल्लारीत आराखड्याला कुणी हलकं समजत नाही. 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी बसवली, त्यात आमचंही. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. तेव्हापासून गावात ज्याला त्याला कागदावर रेघा मारायचा आत्मविश्वास आहे, आणि दुसऱ्यानं मारलेली रेघ चुकीची आहे याची खात्रीही आहे. पुतण्यानं वहीत लिहिलं : सहाला निघणे, अकराला पाटणचेरू, तिथून 158 किलोमीटरच्या रिंगरोडचा अर्धा वेढा घालून शहरात न शिरता उप्पल. मॅच साडेसातला.

"साडेसातला?" माझी बायको म्हणाली. "म्हणजे संपणार साडेअकराला. घरी येणार पहाटे पाचला. मग एका दिवसात कसं म्हणतासा?"

वही बंद व्हायची वेळ आली होती. तेवढ्यात आप्पांनी पंचांग काढलं. "आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. पाचला आलो तरी बुधवारच." या मुद्द्यावर अमेरिकेचं काही चालेना.

खरा घोटाळा पुढं झाला. गाडी हैदराबादला जाणार ही बातमी गल्लीत फुटली. कुणी रस्त्यात दिसलं की विचारायचं, "काय करलालाव? तयारी का?" आणि खिशातनं चिठ्ठी काढायचं. शेजारच्याचा मुलगा अमीरपेटला सॉफ्टवेअरचा क्लास करतो, त्याला शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ. एकाला फ्रूट बिस्किटांचे डबे. आत्याला लग्नासाठी मोत्याची माळ, आणि ती चारमिनारजवळच घ्यायची. माळ पारखायला आत्याची जाऊ सोबत, कारण आत्याचा त्या बाबतीत स्वतःवर विश्वास नाही, आणि जावेवर तर त्याहून नाही. दोघींकडं मॅचचं तिकीट नव्हतं, तशी इच्छाही नव्हती. त्यांना सिकंदराबादच्या सोयऱ्यांकडं सोडायचं आणि मध्यरात्री उचलायचं असं ठरलं. सोयऱ्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी आप्पा म्हणाले, "जाताच आहोत तर डोळे दाखवून घेऊ."

पुतण्यानं वहीतला रिंगरोड खोडला.

तिकिटं चारच मिळाली होती : दाजी, पुतण्या, आप्पा आणि मी. आत कोणती वस्तू नेता येत नाही याची यादी पुतण्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. बॅग नाही, बाटली नाही, बाहेरचं खाणं नाही. बायकोनं यादी शांतपणे ऐकून घेतली आणि चाळीस धपाटे बांधून दिले.

उमरगा ओलांडल्यावर दाजींनी प्रश्न टाकला, जो वेळ अमावस्येपासून कुणाला सुचला नव्हता. "आपली टीम कोणती?"

मी म्हणालो, मुंबई. आपलं राज्य. दाजी म्हणाले, रोहितला कप्तानपदावरून काढून हार्दिकला बसवलं, आता कसली मुंबई? पुतण्याचं मत हैदराबादला, कारण तिकीट त्यांच्या मैदानाचं काढलंय. हुमनाबादपर्यंत वाद पेटला. आत्या म्हणाली, जो जिंकेल तो आपला, भांडताव कशाला. आप्पांनी विचारलं, "मुंबईत आपल्याकडचं कोणी हाय का?" पुतण्या म्हणाला, "तिलक वर्मा. पोरगा हैदराबादचा, खेळतो मुंबईकडून."

"मग त्याच्याकडून," आप्पा म्हणाले. "घर इथं अन् नोकरी मुंबईला. गावातली निम्मी पोरं तशीच हायत."

हैदराबादेत दिवस चिठ्ठ्यांनी खाल्ला. चटणी पोचली, डबे घेतले, माळ तीन दुकानांत नापसंत होऊन पहिल्याच दुकानात घेतली. दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात आप्पांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं. दोन-दोनदा. पाच-सहा तास अंधूक दिसेल, उजेडाचा त्रास होईल, असं आधी सांगितलेलं होतं. आप्पांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. मॅचला फ्लडलाइट असतात हे त्यांच्या लक्षात नव्हतं. आमच्या लक्षात होतं, पण तोवर थेंब पडले होते.

त्या रात्री उप्पलमध्ये जे झालं ते आकडे पाठ असणारे सांगतील. हैदराबाद 3 बाद 277, तोवरची आयपीएलमधली सर्वांत मोठी धावसंख्या. हेडच्या 24 चेंडूंत 62, अभिषेक शर्माच्या 23 चेंडूंत 63, क्लासेन नाबाद 80. मुंबईनं पाठलागात 246 केल्या. दोघांचे मिळून 523, आणि षटकार 38. आप्पा कपाळावर हात धरून, डोळे किलकिले करून बसले होते. लोक उठले की तेही उठायचे.

"चेंडू कुठं गेला?"

"सिक्स, आप्पा."

"अन् आता?"

"सिक्स."

"आता?"

"आता बी सिक्स."

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी त्यांची कटकट नको म्हणून दर वेळी तेच उत्तर देतोय, असं त्यांना वाटलं असणार. तिलक वर्मानं 34 चेंडूंत 64 केल्या, तेव्हा मात्र आप्पा न विचारता टाळ्या पिटत होते. एकदा तो दमून नुसता पाणी पीत होता, तेव्हाही.

मुंबई 31 धावांनी हरली. आत्या आणि जाऊ सोयऱ्यांच्या दारात माळेवरून अबोला धरून उभ्या होत्या. त्यांना घेऊन रात्री रिंगरोड लागला, पुतण्यानं वहीत तो पुन्हा लिहिला. जहीराबादच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो. चहा मागवला, धपाटे सोडले. दोन वाजून गेले होते. औषध उतरलं होतं. आप्पांनी पुतण्याचा मोबाइल हातात घेतला आणि मॅचची क्षणचित्रं पहिल्यापासून बघितली, अडतीसच्या अडतीस षटकार, मोजून. मोजणी जुळली तेव्हा मला माफ केल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मग धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाले, "बरं झालं आपून आलो. घरी असतो तर या वेळेला झोपलेलो असतो, हे बघायला मिळालं नसतं."