इरल्यातले सुपरहिरो

'द इन्क्रेडिबल्स' या 2004 च्या चित्रपटाची खरी गंमत त्याच्या जुनेपणात आहे. गाड्या, घरं, सोफे सगळे पन्नास-साठच्या दशकातले. त्या काळातल्या माणसांनी उद्याचं जग जसं कल्पिलं असेल, तसं. आणि अशा झकपक जगात सुपरहिरोंवर बंदी! बॉब पार आगगाडी थांबवतो, प्रवाशांचे जीव वाचवतो, तर वाचलेलेच त्याच्यावर खटले भरतात. मग गडी मुकाट्याने विमा कंपनीत खर्डेघाशी करतो. कोर्टकचेरीपुढे सुपरहिरोचं काही चालत नाही, हे पाहून जमिनीच्या दाव्यांत मुरलेल्या आम्हा मुळशीकरांना तो लगेच घरचा वाटतो.

चित्रपटातल्या एडनाबाई पोशाख शिवतात, पण पाठीवर झूल लावायला साफ नकार देतात. ती विमानात अडकते, म्हणे. आमच्या आत्याला ते काही पटलं नाही. "मंग पावसात काय पांघरायचं?" आषाढात ताम्हिणीकडून पाऊस चालून येतो, तेव्हा वाकून भात लावणाऱ्या बाईच्या डोक्यापासून कमरेपर्यंत बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं असायचं. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी. एडनाबाईंनी एक आवण इथे काढायला हवं होतं.

गाडी थांबवणारा नायक आम्हालाही मिळाला होता. 1921 च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणात पन्नासेक गावं जाणार होती. पुढे सेनापती बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडीच अडवली आणि सात वर्षांची सजा घेतली. पूर्वपीठिका तर पटकथाकाराला आयती: शिकायला विलायतेत गेलेला पारनेरचा हा मुलगा बाँबची विद्या मिळवून परततो, आणि भल्या सकाळी गावातले रस्ते झाडतो. हातात खराटा घेतलेला सुपरहिरो अजून कुणी काढलेला नाही. सोबतीला सत्याग्रहातले त्यांचे सहकारी भुस्कुटे आणि इरल्यातले मावळे घेतले, की संघ तयार.

अडचण शेवटाची. धरण तर झालं. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली. धरण बांधणाऱ्यांना खलनायक करावं, तर असला चित्रपट काढणारे मुंबईतच बसणार, आणि त्यांचे संगणक रात्रंदिवस चालणार कशावर?