छोटूच्या मापाची गाडी

कुत्रा मुलाचा होता. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, कुत्रा इंदूरला राहिला. आमच्याकडच्या मराठी घरांत ही आता रीतच पडली आहे. मुलं पुण्या-बंगळूरला जातात आणि त्यांचं जे जे सुटकेसमध्ये मावत नाही ते आईवडिलांकडे राहतं. कुणाकडे गिटार राहते, कुणाकडे व्यायामाची सायकल. आमच्याकडे ग्रेट डेन राहिला. आला तेव्हा हिच्या मांडीवर मावत होता, म्हणून नाव छोटू. आज त्याचं वजन ६२ किलो, खांद्यापाशी उंची ८० सेंटीमीटर, आणि नाव बदलायची वेळ कधीच टळून गेली आहे.

छोटूची कंबर धरली आणि गाडीचा विषय निघाला. महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे दाखवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. महू म्हणजे राऊवरून पुढे, वीस-बावीस किलोमीटर. माझ्याकडे स्कूटर. रिक्षावाले लांबूनच ‘घोडा है क्या?’ विचारायचे आणि उत्तराला न थांबता निघून जायचे. शेवटी मी घरात जाहीर केलं की आपण जुनी गाडी घेतोय, अडीच लाखांपर्यंतची.

“लग्न झाल्यापासून मी गाडी मागत्येय,” ही म्हणाली. “त्याने नुसती कंबर दुखवून दाखवली.”

मी बँकेच्या वाहनकर्ज विभागातून निवृत्त झालेला माणूस. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, परराज्यातल्या गाडीला ना-हरकतीचा फॉर्म २८, हे मला झोपेतून उठवून विचारा. तेव्हा गाडी निवडणं हा आपल्या डाव्या हातचा मळ, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. प्रत्यक्ष गाडीला हात लावायचा प्रसंग मात्र नोकरीत कधी आला नव्हता. बँकेत गाडी कागदावरून येते, आणि कागदावर कुठलीच गाडी धूर सोडत नाही.

मुलाने पुण्याहून फोनवर मार्गदर्शन सुरू केलं. “बाबा, डिक्की किती लिटरची आहे ते आधी विचारा.” डिक्की लिटरमध्ये का मोजतात कुणास ठाऊक. मांजर एकाच वेळी घन आणि द्रव असू शकते का, या विषयावरच्या संशोधनाला २०१७ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं होतं. म्हणजे मांजरवाल्यांची सोय विज्ञानाने लावून दिली आहे. ग्रेट डेन सर्व ऋतूंत घनच राहतो. ४०० लिटरच्या डिक्कीत तो ओतता येत नाही.

त्याच्यासाठी मोजायच्या गोष्टी वेगळ्या होत्या. गाडीची फळी जमिनीपासून किती उंच, दार किती रुंद उघडतं, आतली जागा सपाट आहे का, उभं राहिल्यावर कान छताला लागतात का. शिवाय ए.सी. हवाच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हीच त्याची थंड व्हायची मुख्य युक्ती. इंदूरचा मे म्हणजे चाळिशीपारचा, त्यात बंद गाडी दहा मिनिटांत आणखी दहा-एक अंशांनी तापते. मी हे सगळं हिला पटवून दिलं. ती म्हणाली, “आणि मला घाम आला की तुम्ही पंखा एकवर करता.”

हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप खिशात घालून मी रिंग रोडवरचे गाडीबाजार हिंडू लागलो. तिथली रीत ठरलेली. विकणारा बॉनेट उघडतो, ‘इंजन खुला नहीं है, भिया’ म्हणतो आणि आपण समजल्यासारखी मान हलवायची. मी थेट मागे जायचो. प्रत्येक वेळी छोटूला नेणं शक्य नव्हतं. वजनाने आम्ही जवळपास सारखे, म्हणून त्याच्या जागी मीच चार पायांवर आत शिरायचो, गोल फिरून पाहायचो, मान वर करून छताचा अंदाज घ्यायचो. एका बाजारात मी असा मागे बसून काचेबाहेर बघत असताना तिथला पोरगा शांतपणे म्हणाला, “भिया, आप पीछे बैठोगे तो चलाएगा कौन?”

वॅगन आर उंचीला चांगली. पण मी उत्साहाने डिक्कीत डोकं घातलं ते सीएनजीच्या सिलिंडरवर आपटलं. शहरात भाड्याने पळलेल्या किंवा पळवायच्या विचारात असलेल्या गाड्यांची डिक्की सिलिंडरने आधीच बळकावलेली असते. “जगह गई तो गई, मायलेज देखो,” विकणारा म्हणाला. २०१५ सालच्या होंडा जॅझच्या वरच्या मॉडेलमध्ये मागच्या सीटची बैठकच उभी करून वर लावता येते, खाली उंच जागा मिळते. मी त्या जागेत पाय दुमडून बसलो, फार बरं वाटलं. किंमत ऐकून पाय सोडले.

छोटूसाठी खरी गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. मागे डिक्कीऐवजी मोकळी सपाट जागा, छत सरळ शेवटपर्यंत. आपल्याकडे कंपन्यांनी ती विकून पाहिली. बलेनो आल्टुरा, कोर्सा स्विंग, सिएना वीकएंड, ऑक्टाव्हिया कॉम्बी, कुणाचंच जमलं नाही. लग्नाला निघालेली माणसं आणि लग्नाला निघालेलं सामान एकाच खोलीत बसलेलं आपल्या लोकांना खपत नाही. त्यातून २००६ च्या बजेटने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची अबकारी कमी केली आणि कंपन्या गाड्यांच्या शेपट्या छाटायला बसल्या. २०१२ ची डिझायर मागून पाहा, कळेल. देशाचं सगळं करधोरण शेपूट तोकडी करण्याच्या बाजूचं, आणि माझ्याकडे शेपूट हलवून टीपॉयवरचे कप पाडणारा कुत्रा.

तरी एक टाटा इंडिगो मरिना सापडली. २००४ साली आलेलं हे मॉडेल म्हणजे अगदी हवी तशी वॅगन. मी आत आडवा झालो तर पायही लांब करता आले. पण तिची पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली होती. तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, हे मला माहीत होतं. मात्र त्यासाठी तिला आर.टी.ओ.पर्यंत स्वतः जावं लागणार होतं, आणि तिची तशी काही इच्छा दिसली नाही.

मग स्कॉर्पिओ. खरं सांगायचं तर ती छोटूपेक्षा मलाच शोभेल असं वाटलं होतं. मालक गाडी घेऊन लोकमान्य नगरात आमच्या दाराशी आला. छोटूने पुढचे दोन पाय आत टेकवले आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बाकीचं माझ्याकडे आहे, असा त्याचा समज. मी मागून मिठी मारून उचलायला लागलो. गल्ली जमली. गच्चीवरून एकाने सल्ला दिला, “अंकल, धक्का मत दो, चाबी लगाओ!” छोटू इंचभर वर गेला, माझ्या पाठीत काहीतरी कडकन वाजलं, आणि त्या संध्याकाळपासून घरात कंबरेचे रुग्ण दोन झाले. महूला त्यांपैकी एकालाच घेतात.

पडल्या पडल्या मी धर्मराजाचा विचार केला. महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चढ. धर्मराज नाही म्हणतो. याचं आपण फार कौतुक करतो. पण त्याला रथात चढायचं की नाही एवढंच ठरवायचं होतं. रथ पहिल्या मालकाचा की तिसऱ्या, विमा चालू आहे का, मीटर मागे फिरवलंय का, हे काही त्याला पाहायचं नव्हतं. होळकरांचा कुलदेव खंडोबा जास्त व्यवहारी म्हणायचा. स्वतः घोड्यावर, कुत्रा बरोबर पायी.

याच सुमाराला मला ‘डॉक्टर की गाड़ी’ मिळाली. जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांनी वापरलेल्या गाड्या एकूण डॉक्टरांपेक्षा जास्त निघतील, पण ही पांढरीशुभ्र सेदान होती, सीटला चामड्याची कव्हरं, आत अत्तराचा घमघमाट. छोटू मागच्या सीटवर बसेल, वर चादर टाकू, छातीला पट्टा बांधून तो सीटबेल्टच्या खटक्यात अडकवू, असा सगळा विचार मी केला होता. कागद तर इतके नीट, की मी बँकेत असतो तर त्याच दिवशी कर्ज मंजूर केलं असतं. बयाणा दिला. मग छोटूला दाखवायला नेलं.

छोटू आत चढला. सेदान बुटकी, चढणं सोपं. सीटवर मात्र बसेना. पायाशी नाक खुपसून त्याने खालचा गालिचा दातांत धरला आणि ओढून बाहेर काढला. खाली ओला काळा बुरा. अत्तराच्या मागून तळघराचा वास आला. आमच्या मिस्त्रीने येऊन सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर पट्ट्याच्या आतल्या भागावर चिखलाची रेघ होती. सीट ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या गंजलेल्या. गाडी कुठल्या तरी पुरात दारापर्यंत बुडून आलेली होती. “पानी तो सबपे गिरता है, भिया,” विकणारा म्हणाला. बयाणा काही परत आला नाही. घरी मी सांगितलं की मला आधीच शंका होती, छोटूने ती फक्त बोलून दाखवली. हिने त्या रात्री छोटूला दोन पोळ्या जास्त घातल्या.

“इको ले लो,” मिस्त्री म्हणाला. हे तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता.

मारुती इको म्हणजे दुधाच्या क्रेट, शाळेची पोरं आणि केटररची पातेली. तिच्याच सांगाड्याची व्हर्सा २००१ मध्ये आली तेव्हा जाहिरातीला अमिताभ-अभिषेक, बापलेक दोघंही होते. तरी ती खपली नाही. २०१० मध्ये कंपनीने थाटमाट काढून तीच इको म्हणून स्वस्तात आणली आणि ती दूधवाल्यांनी उचलली. बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने ती घ्यायची म्हणजे लोक पेन्शनबद्दल चौकशी करणार. मी पाठीला पट्टा बांधून, नाक मुरडत बघायला गेलो.

पाच सीटवाली, ए.सी.ची, पांढरी. बाजूला सरकती दारं, मागे वर उघडणारं मोठं दार, आत मागच्या सीटच्या पाठीमागे सपाट, चौकोनी, रिकामी खोली. इंजिन पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे चालकाला डिसेंबरात शेकोटी आणि मेमध्ये शिक्षा. पण ती माझी, छोटूची नव्हे. मिस्त्रीने एक लाकडी फळी उतरती लावली. छोटू ती चढून आत गेला, एकदा गोल फिरला आणि बसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“और जगह चाहिए तो पीछे की सीट निकाल देंगे,” विकणारा म्हणाला. इथे मात्र मी फॉर्मात आलो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई, त्यावर जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, सगळं ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तो मत निकालो,” तो म्हणाला.

रिवाजाप्रमाणे गाडी खजराना गणपतीला नेली. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि लाडवांचा पुडा मागच्या सीटवर ठेवून आरती ओवाळायला पुढे गेले. घरी प्रसाद वाटायची वेळ आली तेव्हा पुड्याचा दोरा शिल्लक होता.

इकोचा खरा त्रास वेगळाच. इंदूरच्या रस्त्यांवर सवारी घेत फिरणाऱ्या व्हॅन पुष्कळ, आणि पांढरी इको सिग्नलला थांबली की लोक दार सरकवतात. एका संध्याकाळी पलासियाला अशीच एक बाई पिशव्यांसह आत येऊन बसली. “पाटनीपुरा,” म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी काही बोलायच्या आत सिग्नल सुटला. थोड्या वेळाने छोटूने मागून सीटवरून मान पुढे काढून तिच्या खांद्यावर ठेवली. मी आरशात पाहत होतो, आता किंचाळणार म्हणून. तिने वळून नीट पाहिलं, पिशव्या दुसऱ्या बाजूला घेतल्या आणि विचारलं, “भैया, ये कहाँ उतरेगा?”

पाटनीपुऱ्याला उतरताना तिने दहाची नोट पुढे केली. मी नको म्हणालो. मग हिच्या कपाळावर आठी नको म्हणून ही हकिकत मी घरी सांगितली नाही. छोटूही बोलला नाही.

नातेवाइकांनी सुरुवातीला पुष्कळ थट्टा केली. दूध किती वाजता येतं, असं मेहुण्याने दोनदा विचारलं. मग त्याचाच फ्रीज दुरुस्तीला न्यायचा निघाला. मग वहिनींची भिशी उज्जैनला निघाली, पुढे रामबागेतल्या गणेशोत्सवाच्या नाटकाचा सेट, आत्याची शिवणयंत्रं, कुणाच्या तरी मुंजीची भांडी. सरकत्या दारांची आणि सपाट फळीची थोरवी एकेकाला पटत गेली. पण छोटूची महूची तारीख पाळावीच लागते, आणि सोमवारी सिरपूरच्या तलावावर त्याला फिरवायचं डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यामुळे आता गाडी हवी असली की फोन मलाच येतो, पण गाडीच्या मालकाशी बोलतोय असं कुणी मानत नाही. मेहुणा खाकरतो, हवापाण्याचं विचारतो आणि मग आवाज उतरवून म्हणतो, “भाऊजी, उद्या छोटूचं काही आहे का?”