अस्मितेला झोंबलेली मिरची

इतिहासाबद्दल आपले प्रश्न ठरलेले : तलवार किती वजनाची, फितूर कोण, आणि तो त्यांच्यातला की आपल्यातला? नंदुरबारच्या पोरांना मात्र भलतंच सुचतं. गावाबाहेर पथारीवर लालभडक मिरची वाळत पडलेली, वाऱ्यानं डोळे चुरचुरतायत, आणि एखादं पोरगं विचारतं, "मिरची नव्हती तेव्हा लोक तिखट काय खायचे?" गुरुजी खाकरतात. (ठसका असावा.)

उत्तर सोपं आहे : मिरी, पिंपळी, सुंठ. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. म्हणजे १२९६ साली अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांच्या सैन्यानं भाकरीबरोबर ठेचा खाल्ला नव्हता. आपल्या ऐतिहासिक सिनेमात खातात, ती गोष्ट वेगळी.

हे ऐकून कुणाच्या अस्मितेला मिरच्या झोंबल्याच, तर परकीय मिरचीवर बहिष्काराची हाक त्यानं खुशाल द्यावी. फक्त ती ऐन हंगामात, नंदुरबारच्या मिरची बाजारात उभं राहून द्यावी. आणि हो, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणाही त्याच मुलखातले. यादी पुरी करून घ्या.