मेटाबुवा

हिंजवडीच्या आमच्या हपिसात मेटाबुवा नावाचं एक प्रस्थ आहे. नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. तोंडावर सगळे 'सर'च म्हणतात. असे बुवा तुमच्याही हपिसात असतील. ओळखायची खूण सांगतो. त्यांना दोन रकान्यांचा फॉर्म करायला सांगा. ग्राहकाचं नाव आणि फोन, बास. इतर कोणीही जेवणाच्या सुट्टीआधी तो हातावेगळा करेल. बुवा खुर्ची मागे सरकवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "पण ग्राहक म्हणजे काय?"

आमच्या मॅनेजरबाईंना वाटलं, जीएसटी नंबरवाला की बिननंबरवाला असं विचारतायत. त्या उत्तर देऊ लागल्या. बुवांचं लक्षच नव्हतं. ग्राहक हा ऑब्जेक्ट, तो ग्राहक नावाच्या क्लासपासून झाला, इथपर्यंत सगळेच येतात. पण तो क्लास कोणी घडवला? घडवणाऱ्याला म्हणायचं मेटाक्लास. मग मेटाक्लास कोणी घडवला? बुवा त्या दिशेने निघाले. महिनाभराने जगातल्या कुठल्याही वस्तूचा फॉर्म आपोआप तयार करणारी चौकट उभी राहिली. नाव आणि फोनचा फॉर्म तेवढा राहिला.

1991 म्हटलं की चारचौघांना मनमोहन सिंगांचं बजेट आठवतं. बुवांना आठवतं 'द आर्ट ऑफ द मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉल'. लेखक किझालेस, दे रिव्हिएर आणि बोब्रो. लिस्प भाषेतली ऑब्जेक्टची यंत्रणा आतून कशी चालते ते दाखवणारं, आणि वापरणाऱ्याला ती हवी तशी बदलू द्यावी असं सांगणारं पुस्तक. पायथॉन पहिल्यांदा लोकांपुढे आली तीही त्याच वर्षी, हे बुवा कुंडली जुळल्याच्या सुरात सांगतात. पुस्तकाची प्रत त्यांच्या टेबलावर असते. एका नव्या मुलाने मॉनिटर उंच करायला ती खाली सरकवली होती. बुवा काही बोलले नाहीत, पण त्या मुलाचा पुढचा कोड रिव्ह्यू अडीच तास चालला.

शिकवताना मात्र बुवा रंगतात. "ऑब्जेक्ट एका झटक्यात होत नाही रे," ते म्हणतात, "आधी जन्म, मग बारसं." पायथॉनमध्ये जन्माचं काम 'डंडर न्यू' करतं. ते मेमरीत जागा घेऊन कोरा ऑब्जेक्ट हातात ठेवतं. मग 'डंडर इनिट' त्याला नाव, फोन, पत्ता चिकटवतं. क्रम कोण सांभाळतं? क्लासला आपण हाक मारतो तेव्हा वरचा मेटाक्लास, म्हणजे 'टाइप', दोघांना एकामागोमाग बोलावतो. आणि 'न्यू'ने भलत्याच घरचं मूल आणून दिलं, तर 'इनिट' होतच नाही, हेही ते आवर्जून सांगतात. लिस्पमध्ये हेच दोन टप्पे 'ॲलोकेट इन्स्टन्स' आणि 'इनिशिअलाइझ इन्स्टन्स' म्हणून येतात. तिथे नुकत्या जन्मलेल्या ऑब्जेक्टचे स्लॉट रिकामे असतात असं म्हणाल तर बुवा दुखावतात. रिकामं म्हणजे तिथे 'निल' आहे. हे तर 'अनबाउंड', अजून काही ठेवलेलंच नाही!

हा सिद्धान्त ते घरीही पाळतात. मुलगी झाली तेव्हा जन्मनोंदणीच्या फॉर्मवर नावाची जागा त्यांनी कोरी सोडली. नाव नंतर घालता येतं, त्यामुळे क्लार्कला हरकत नव्हती. त्याने नुसतं विचारलं, "नाव ठरलं नाही वाटतं?" बुवा म्हणाले, "इनिट बाकी आहे." क्लार्कने ते आडनाव समजून शेजारच्या रकान्यात लिहायला घेतलं, तेव्हा सासरे धावले.

इंटरव्ह्यूला आमच्याकडे सहसा बुवांनाच बसवतात, कारण दुसऱ्या कुणाला वेळ नसतो. त्यांचा लाडका प्रश्न एकच. "टाइपचा टाइप कोणता?" उमेदवार आठवू लागतो, घाम पुसतो, मग घाबरत म्हणतो, "टाइपच?" बुवा उठून त्याचा हात हातात घेतात. पायथॉनमध्ये 'टाइप' खरंच स्वतःचाच इन्स्टन्स आहे, आणि हे गाठोडं कुठेतरी स्वतःवरच बांधावं लागतं यात त्यांना अपार समाधान आहे. पगाराचं पुढे एचआर बघते.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस पोसायचा कशाला? मलाही वाटायचं. मग कुरिअरचं प्रकरण झालं.

ग्राहक पत्ता बदलत होते. स्क्रीनवर 'पत्ता बदलला' असा हिरवा संदेशही येत होता. पार्सलं मात्र जुन्या घरी जात होती. दोन दिवस पाच जण डेटाबेस उपसत बसले. बुवा चहाचा कप घेऊन आले, एक ग्राहक पकडला आणि त्याची 'डिक्ट' छापली. पायथॉनमध्ये साधारणपणे प्रत्येक ऑब्जेक्ट आपले गुणधर्म अशा एका डिक्शनरीत ठेवतो, डावीकडे नाव, उजवीकडे मूल्य. त्या यादीत पत्ते दोन निघाले. 'ॲड्रेस' या इंग्रजी शब्दात दोन 'डी'. जुना पत्ता त्या नावाखाली. कुणीतरी एक 'डी' खाल्ला होता, आणि नवा पत्ता त्या एकडीवाल्या नावाखाली मुकाट्याने जाऊन बसला होता. डिक्शनरी कुणालाच नाही म्हणत नाही. डेटाबेसकडे जाणारा कोड दोन 'डी'वालाच पत्ता उचलत होता. बुवांनी क्लासमध्ये 'स्लॉट्स' जाहीर केले: नाव, फोन, पत्ता, यापलीकडे या ऑब्जेक्टला काही चिकटणार नाही. पुन्हा चालवल्याबरोबर चुकलेल्या ओळीवरच एरर. कपातला चहा अजून गरम होता.

तो गार झाला त्यानंतरच्या व्याख्यानात. कुठे काय साठवायचं हे ठरवायची मुभा भाषेने का द्यावी, यावर किझालेस मंडळींनी दिलेलं उदाहरण त्यांनी फळ्यावर काढलं. एक क्लास बिंदूचा, त्यात फक्त एक्स आणि वाय. असे बिंदू लाखो होतात आणि दोन्ही आकडे नेहमीच लागतात, तेव्हा ओळीने मांडलेला ॲरे बरा. दुसरा क्लास माणसाचा. त्याचे संभाव्य गुणधर्म ढीगभर, पण एकेका माणसाला त्यातले मोजकेच लागू. तिथे हॅश टेबल परवडतं. एकच साठवण दोघांच्या गळ्यात कशाला मारायची? इथे मलाही पटलं. पण तोवर हिंजवडीची शेवटची कंपनी बस गेली होती, आणि बुवा अजून स्मॉलटॉकपाशी पोचायचे होते.

तेव्हा तुमच्या टीममध्ये असे बुवा असतील तर त्यांना काढू नका. कोड रिव्ह्यूला बसवा, अडलेला बग त्यांच्याकडे न्या, चहाही पाजा. नवा प्रोजेक्ट तेवढा त्यांच्या हाती देऊ नका. आमच्या ग्राहकांची नावं आणि फोन नंबर अजून एक्सेलमध्येच आहेत.